साचा एक, घोडे अनेक

मा. संपादक,

माळेगावच्या खंडोबा यात्रेतील घोडेबाजार पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला प्लास्टिकचे शोभेचे प्रतिकृती-घोडे बनवणाऱ्यांची, कोणता घोडा घडवायचा याबाबतची निवड प्रथम विचित्र वाटते. अमेरिकेतील ब्रेयर कंपनीचा 1950 मधील पहिला घोडा मुळात एका घड्याळाची शोभा म्हणून घडवला गेला. लोक घड्याळ सोडून घोडाच मागू लागले आणि तोच व्यवसाय ठरला. मागणीने निर्मिती ठरते, हे तेव्हापासूनचे आहे.

मात्र मागणीइतकाच निर्णायक असतो साचा. प्लास्टिक ओतण्याचा धातूचा साचा अत्यंत महाग पडत असल्याने, मूळ मूर्ती नव्याने घडवून घेण्याआधी तो साचा वर्षानुवर्षे वेगवेगळ्या रंगांत, कधी वेगळ्या जातीच्या नावाने वापरता येईल का, हे पाहिले जाते. म्हणूनच सर्वसाधारण बांध्याच्या अरबी किंवा शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्याला वारंवार संधी मिळते. 1973 मध्ये अमेरिकेतील तीन मानाच्या शर्यतींचा तिहेरी मुकुट जिंकणाऱ्या सेक्रेटेरियटसारख्या नामवंत घोड्याची ओळख आधीच तयार असते, त्यामुळे त्याची प्रतिकृती काढण्यात धोका कमी. मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान मात्र दुसऱ्या जातीवर खपत नाहीत. असा साचा अडून बसतो.

राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेल्या आपल्या दख्खनच्या भीमथडी तट्टाचे काय? सडपातळ, काटक, उंचीने बेताचे हे जनावर कपाटात फारसे रुबाबदार दिसणार नाही, हे मीही मान्य करतो. परंतु आपल्याकडील खेळणी-कारागिरांनी लाकडात किंवा मातीत, साच्याच्या खर्चाविना, ते घडवून पाहण्यास काय हरकत आहे?

एक वाचक, नांदेड