जुना डीसी बंद करायच्या आधी

वेर्णा, शनिवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज सोमवारीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून थांबलो. आज पाऊस कोसळतोय, लाईट दोनदा जाऊन आली, घरात सगळी झोपलीत, तर निवांत लिहितो. तू विचारलंस की सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या जुन्या डोमेन कंट्रोलरवरच (डीसी) नव्या विंडोजची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाईल, लावून अपग्रेड मारू का. नको मारूस रे. विंडोज सर्व्हर 2008 आर2 वरून 2022 वर थेट उडी मारताच येत नाही, मधे 2012 आर2 आणि 2019 असे दोन मुक्काम करावे लागतात, आणि प्रत्येक मुक्कामाला तुझं अख्खं ऑफिस त्या एका डब्यावर लटकलेलं असणार. नवं मशीन शेजारी उभं कर, त्याला डीसी बनव, कामं हळूहळू तिकडे ने आणि मग जुन्याला निरोप दे.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एक डीसी इथे वेर्ण्याच्या फॅक्टरीत, दुसरा डिचोलीच्या गोदामात, दोन्ही 2008 आर2, म्हणजे 14 जानेवारी 2020 ला सपोर्ट संपलेले. इथलं मशीन जिन्याखालच्या खोलीत, खाऱ्या हवेने मागच्या पत्र्याला गंज चढलेला, थंड असताना चालू केलं की पंखा आधी घरघरायचा मग सुरळीत व्हायचा. चालतंय ना, मग राहू दे, असंच सगळ्यांचं म्हणणं. जूनच्या पहिल्या गडगडाटात त्याची एक डिस्क गेली, रेड होतं, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी जोडणी, म्हणून वाचलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सकाळी गेटवरच्या माणसापासून अकाउंट्सपर्यंत सगळे त्याच मशीनला विचारून आत येतात. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फॅक्टरी बंद असते, तेव्हाच करायचं ठरवलं.

नवा सर्व्हर 2022 घेतला. 2025 का नाही म्हणशील, तर त्याला डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या खात्यांचं आणि मशीनचं जाळं कुठल्या विंडोजच्या नियमांवर चालतं ती पातळी, निदान 2016 लागते, जुने 2008 आर2 सोबत असताना तो आत येतच नाही. 2022 ला 2008 ची लेव्हल चालते. पण आमचं डोमेन मुळात 2003 च्या काळात बांधलेलं आणि लेव्हल कुणी कधी वर नेलीच नव्हती, त्यामुळे सिसव्हॉल, म्हणजे सगळ्या डीसींवर सारखं ठेवायचं पॉलिसींचं फोल्डर, अजून एफआरएस या जुन्या कॉपी करणाऱ्या सर्व्हिसवर. 2019 पासून पुढचे सर्व्हर एफआरएसवाल्या डोमेनमध्ये डीसी होतच नाहीत. म्हणजे नवं मशीन बॉक्समधून काढायच्या आधीच खरं काम सुरू झालं.

आणि इथेच मी हादरलो. डिचोलीचा इव्हेंट लॉग उघडला तर 13568, जर्नल रॅप, म्हणजे एफआरएसच्या हातून फाईलबदलांच्या नोंदी निसटलेल्या आणि कॉपी करणं थांबलेलं. तिथली सिसव्हॉलची कॉपी कधीपासून कोण जाणे थिजलेली, आपण इथे ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकत्र लागू होणाऱ्या सेटिंग्ज) बदलायचो आणि तिकडची माणसं जुन्याच पॉलिसीवर काम करत राहायची, कुणाला पत्ता नाही. लॉगिन होतंय, फाईल उघडतेय, म्हणून सगळं ठीक असं आपण धरून चालतो. तसं धरू नकोस. रेपअॅडमिनचा रेप्लसमरी (डीसींमधली कॉपी तपासणारी कमांड) आणि डीसीडायग (डीसीची तब्येत तपासणारी) दोन्ही मशीनवर चालव आणि एक एक ओळ वाच. आम्ही आधी सिस्टम स्टेटचा, म्हणजे डोमेनच्या माहितीसकट सगळ्या सिस्टमचा, बॅकअप घेतला, वेर्ण्याची कॉपी चांगली आहे याची खात्री केली, मग डिचोलीला रजिस्ट्रीतल्या बरफ्लॅग्ज या नोंदीत डी2, म्हणजे दुसऱ्याची कॉपी घे, टाकून एफआरएस रिस्टार्ट केलं, तेव्हा त्याने नवीन कॉपी ओढून घेतली. डी2 आणि डी4 मध्ये गफलत करू नकोस हं, डी4 टाकलेल्या मशीनची कॉपी खरी धरली जाते, तेव्हा चुकून खराब मशीनला डी4 दिलास तर तीच खराब कॉपी सगळीकडे जाईल.

मग लेव्हल वर नेली. 2003 वरून वर जाताना लॉगिनची तिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात त्या क्रबटीजीटी अकाउंटचा पासवर्ड बदलतो, त्यानंतर तिकिटांवरून कुणी अडलंच तर दोन्हीकडची ती तिकिटं देणारी केडीसी सर्व्हिस रिस्टार्ट कर. पुढे सिसव्हॉल एफआरएसवरून नव्या डीएफएसआरवर नेणारी डीएफएसआरमिग कमांड, तिच्या पायऱ्या प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड. पहिल्या दोन पायऱ्यांवरून मागे फिरता येतं, तिसरीवरून नाही. मी रिडायरेक्टेडवर दोन दिवस मुद्दाम थांबलो, घरी गणपतीवरची माटोळी (फळाफुलांची आरास) बांधता बांधता फोनवर लॉग बघत होतो, आईने एकदा हातातला फोनच काढून घेतला. दोन्हीकडे सगळं शांत दिसलं तेव्हाच शेवटची कमांड दिली.

त्यानंतर नवा डीसी उभा करायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही, अॅडप्रेप (डोमेनला नव्या डीसीसाठी तयार करणं) आता विझार्ड स्वतःच चालवतो. पाचही एफएसएमओ रोल, म्हणजे एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या, हलवले. त्यातला पीडीसी एम्युलेटर (सगळे शेवटी त्याच्याशी घड्याळ जुळवतात) जिथे जाईल तिथे वेळेचं बघ, त्याला बाहेरच्या एनटीपी वेळ-सर्व्हरला जोड आणि व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल तर होस्टकडून वेळ घेणं बंद कर, कारण लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरोसला घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जुना डीसी लगेच डिमोट करू नकोस, म्हणजे त्याचं डीसीपद काढू नकोस. मशीनना नेटवर्कची सेटिंग्ज वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये डीएनएसचा (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हिसचा) पत्ता नव्या सर्व्हरचा दे, आणि जुन्यावर डीएनएसचं डीबग लॉगिंग चालू करून दहा दिवस नुसतं बघ की अजून कोण त्याला विचारतंय. आमच्याकडे गेटवरचं पंचिंग मशीन निघालं, दोन लेबल प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळ्यांत पत्ता हाताने टाकलेला. परचेसचं स्कॅन करायचं जुनं मशीन तर वेगळंच, ते फक्त एसएमबी1 ही फाईल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत बोलायचं आणि स्कॅन जुन्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये टाकायचं, नव्यावर एसएमबी1 मुळात बंदच असतं. मला चालू करून द्यायला सांगत होते, मी नाही म्हटलं आणि स्कॅन ईमेलवर वळवलं. परचेसमधल्या ताई दोन दिवस नाराज होत्या, पण एका स्कॅनरसाठी अख्ख्या नेटवर्कला भोक पाडणं मला पटत नाही.

लॉग रिकामा झाला, मग एका शुक्रवारी संध्याकाळी जुन्याचं नेटवर्क केबल फक्त काढून ठेवलं. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. परत लावलं, रेप्लिकेशन (मधले बदल एकमेकांकडे जाणं) होऊ दिलं, आणि नीट डिमोट केलं. तसाच उचलून फेकला असता तर डोमेनमधल्या त्याच्या नोंदी (मेटाडेटा) हाताने साफ करत बसावं लागलं असतं. डिचोलीचाही तसाच बदलला.

तुझ्याकडे दिवाळीची सुट्टी आहे म्हणतोस, तर नवं मशीन तेव्हा आण, पण तब्येत तपासायचं काम उद्यापासून धर. दोन्ही डीसीवर डीसीडायग चालवून आउटपुटची टेक्स्ट फाईल मला पाठव, मी सोमवारी रात्री बसून वाचतो. आणि डीएसआरएमचा (डीसी दुरुस्तीसाठी सुरू करायच्या मोडचा) पासवर्ड कुणाला माहीत आहे ते आत्ताच विचारून घे, आमच्याकडे तो कुणालाच आठवत नव्हता, रिसेट करावा लागला.

वहिनींना नमस्कार, काकांची तब्येत कळव.

तुझाच,
वेर्ण्यावरून