वॅटचा आकडा पुरेसा नाही, चार्जिंगची पूर्ण माहिती खोक्यावर छापा

महोदय,

उन्हाळा लागला की परभणीतील आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या व्यवसायात एक तक्रार हमखास वाढते : ‘खोक्यावर ६७ वॅट लिहिलंय, मग फोन चार्ज व्हायला दोन तास कसे लागतात?’ बहुतेक वेळा फोनही बिघडलेला नसतो आणि चार्जरही. ग्राहकाला विकताना माहितीच अर्धवट दिलेली असते.

खोक्यावरचा आकडा कमाल शक्तीचा असतो आणि फोन, अडॅप्टर व केबल या तिघांचे जुळले तरच ती मिळते. ६७ वॅटच्या एखाद्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरे भिंगातून वाचली, तर ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, ११ व्होल्ट ६.१ अँपिअर अशा जोड्या दिसतात. गुणाकार केला की त्यांचेच १५, २७ आणि ६७ वॅट होतात. यांपैकी कोणती जोडी वापरायची हे केबल जोडताच फोन आणि अडॅप्टर संकेतांची देवाणघेवाण करून ठरवतात. अनेक कंपन्यांनी आपापली पद्धत ठेवल्यामुळे एकीचा फोन दुसरीच्या अडॅप्टरला लावला की हे जुळत नाही आणि फोन बऱ्याचदा १० ते १५ वॅटवर येतो. केबलची तर कोणी चौकशीच करत नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपुरतीच असते, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

सगळे जुळले तरी पूर्ण वेग थोडाच वेळ टिकतो. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे ६७ वॅट अखंड मिळाले तर सतरा-अठरा मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात सहसा दुपटीहून अधिक वेळ लागतो, कारण घागर भरत आली की नळ बारीक करावा तसा फोन शेवटच्या टप्प्यात प्रवाह कमी करत नेतो. त्यात आपल्याकडचे ऊन. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याच्या घरात तर त्याहून अधिक तापते. अशा वेळी जाड कव्हरमधला फोन बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःहून वेग उतरवतो. हा बिघाड नव्हे, हे ग्राहकाला कोणी तरी सांगायला हवे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. वीज असेल तेवढ्या वेळात फोन चार्ज करून ई-पीक पाहणीपासून बँकेच्या ओटीपीपर्यंत सगळी कामे त्याच्यावर करणाऱ्या शेतकऱ्याने जास्त वॅटसाठी मोजलेले जादा पैसे वाया जाऊ नयेत. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचे केलेच. शिवाय फोनला लागणारे किमान व कमाल वॅट खोक्यावर दाखवणे आणि जलद चार्जिंग असल्यास यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सामाईक पद्धत देणेही बंधनकारक केले. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये अशीच तरतूद करून चार्जिंगची पद्धत, केबलची क्षमता आणि सामाईक चार्जरवर मिळणारे वॅट मराठीतही छापायला लावावेत. तोवर दुकानदारांनी निदान फोनचे मॉडेल विचारूनच अडॅप्टर द्यावा आणि भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक नसलेला माल विकायला ठेवू नये.

– एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, परभणी