प्राणवायू नसलेल्या हवेतील हरितगृह वायू

संपादक महोदय,

‘हवेतील प्राणवायू कमी झाला की पृथ्वी तापते’ असे विधान मी वर्गातही ऐकतो, परंतु ते चुकीचे आहे. प्राणवायू आणि नायट्रोजन यांचे रेणू दोन समान अणूंचे असल्याने ते भूपृष्ठाकडून येणारी अवरक्त उष्णता जवळजवळ शोषतच नाहीत. म्हणजे हवेतील २१ टक्के प्राणवायू नसता, तरी बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी उष्णता अडवण्याचे आपले काम केलेच असते.

खरा फरक पडला असता मिथेन या आणखी एका हरितगृह वायूच्या आयुष्यात. ओझोन आणि बाष्प यांच्यापासून सूर्यप्रकाशात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (एक ऑक्सिजन व एक हायड्रोजन अणू असलेला अतिक्रियाशील कण) आज मिथेनला साधारण दहा वर्षांत संपवते. प्राणवायूच नसेल, तर ओझोनही नसतो आणि मिथेन हजारो वर्षे टिकू शकतो.

ही निव्वळ कल्पना नव्हे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीची हवा अशीच होती आणि आरंभीचा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने मंद असूनही येथे द्रवरूप पाणी होते. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलेन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्याचे श्रेय अमोनिया या हरितगृह वायूला दिले. मात्र अतिनील किरणांत अमोनिया लवकर विघटित होत असल्याने आज कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन या जोडीचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. अर्थात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत फार वाढल्यास, शनीच्या टायटन या उपग्रहावर दिसते तसे सूर्यप्रकाश अडवणारे सेंद्रिय (कार्बनयुक्त) कणांचे धुके दाटून उलट थंडावाच येतो.

– एक विज्ञान शिक्षक