काकू, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, हे ठाऊक आहे. मागच्या रविवारी पर्वतीच्या पायथ्याशी मी नुसतं तोंड उघडलं, तर «आधी पायऱ्या चढा» म्हणून तुम्ही पुढे निघूनही गेलात. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. इथून तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्त देऊन मी समोरच मिसळ हाणली, वर जादा पाव, वर चहा, आणि जेवणानंतरच्या शुगरसाठी दोन तास मोजत बाकावर येऊन बसलो. शेजारी तुम्ही. मांडीवर स्टीलचा गोल डबा. त्यात मेथीची परतून केलेली भाजी, पनीरचे तुकडे, काकडी आणि कडेला कारळ्याची चटणी. मी आगाऊपणे विचारलं, «पोळी घरी विसरलात वाटतं?» तुम्ही शांतपणे घास संपवलात आणि म्हणालात, «नाही. तुम्ही काय खाल्लंत?»

संध्याकाळी रिपोर्टच्या रांगेत पुन्हा तुम्हीच पुढे. माझा आकडा ३१२, तुमचा १३८. दुसऱ्याच्या कागदात डोकावणं हा पेठेतला जन्मसिद्ध हक्क आहे, तो तुम्ही बजावलात आणि विचारलंत, «गोळ्या कुठल्या चालू आहेत?»

काकू, हा प्रश्न तोवर मला कुणी विचारलाच नव्हता. सल्ले मात्र पोत्यानं मिळाले होते. मेथीदाणे भिजवा, जांभळाच्या बियांची पूड घ्या, कारल्याचा रस प्या. मुंजीच्या पंगतीत बसलं तरी एकच विषय, दीक्षित की दिवेकर. दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी खावं यावर माझ्या ताटासमोर दोन मावसभावांची चांगली जुंपली होती, आणि मी मुकाट्यानं तिसरी जिलबी घेत होतो. मी कुठलं औषध घेतो हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तुमच्या प्रश्नावर मी दचकलो, त्याला जूनमधली गोष्ट कारण होती. अप्पा बळवंत चौकात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. शाळा सुरू होताना आम्हाला मान वर करायला सवड नसते. त्याच दिवसांत मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून मी पोळी-भात एका रात्रीत बंद केला. शुगरच्या गोळ्या होत्या तशाच चालू, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराला एका बाईंनी ३४० रुपयांच्या वह्यांसाठी पाचशेची नोट दिली, आणि मला परत किती द्यायचे ते येईना. तीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस मी. घाम फुटला, बोटं थरथरायला लागली, समोरच्या बाई दोन दिसायला लागल्या. दुकानातल्या पोराला काय सुचलं देव जाणे, त्यानं चहात चार चमचे साखर ढवळून माझ्या तोंडाला लावली. बोळातल्या डॉक्टरांनी बोट टोचलं तेव्हा शुगर ५८, तीही चहा पोटात गेल्यावर. त्या दिवशी मी ठरवलं, पोळी सोडणं आपल्याला झेपणार नाही.

रिपोर्टच्या रांगेत हे सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, «ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन बाहेर काढते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. दुकानात माल यायचा कमी केलात, हमाल तेवढेच ठेवलेत. मग त्यांनी दुकानच उचलून नेलं.» तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं दुकानदाराला हिशेबाच्या भाषेत समजावलं, म्हणून ते डोक्यात शिरलं.

तुमचं पहिलं काम म्हणजे मला डॉक्टरांकडे परत धाडणं. आमच्या डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि आठवड्याच्या आकड्यांची चिठ्ठी घेऊन या म्हणाले. ती चिठ्ठी दाखवेपर्यंत तुम्ही मला पोळी-भात कमी करून शुगर आवरणाऱ्या तुमच्या अकराजणांच्या गटात घेतलं नाहीत. आपले एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका तर तीन आठवडे ताटकळले, कारण त्यांची गोळी डॅपाग्लिफ्लोझिन. त्या जातीच्या गोळीवर कार्ब, म्हणजे खाण्यातलं पिष्ट आणि साखर, एकदम कमी केले तर शुगर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साठू शकतं, हे मला तेव्हा कळलं. ते तुमच्यावर रुसले होते. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, तेव्हा कुठे रुसवा गेला.

मला वाटलं होतं, आता पदार्थांची यादी हातात पडेल. तुम्ही वही मागितलीत, माझ्याच दुकानातली, दोनशे पानी. खाण्याआधीची शुगर, खाल्लं काय, दोन तासांनंतरची शुगर. रोजमेळच की हा! शुगर मोजायच्या मशीनच्या पट्ट्या स्वस्त नाहीत म्हणून दिवसातलं एकच जेवण तपासायचं, उद्या दुसरं.

मी वाद घातलाच. पोळी नको तर नको, भाकरी तर चालते ना? आमच्या आईच्या मते ज्वारीनं शुगर वाढत नाही आणि तिच्या मते म्हणजे जवळजवळ वेदवाक्य. तुम्ही वाद न घालता म्हणालात, मशीनला विचारा. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, आधी १२६ आणि नंतर २०९. ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅममागे सत्तरेक ग्रॅम पिष्टच असतं, हे तुम्ही आकडा आल्यावर सांगितलंत, आधी नाही. आधी सांगितलं असतंत तर मी आईचं ऐकलं असतं.

कीटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच, असलं काही तुम्ही कुणाच्या गळ्यात मारलं नाहीत. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत आलात तरी ते कमी कार्बच, असं म्हणून मला शंभराच्या आसपास सोडलंत. पोळीत वीसेक, वाटीभर भातात चाळीसेक, हे आता मला वह्यांच्या भावासारखं पाठ आहे. खरा घोटाळा चहाचा निघाला. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे, चमच्यात चार ग्रॅम. चौसष्ट ग्रॅम साखर मी जेवायला बसण्याआधीच संपवत होतो. आणि अमृततुल्यवाल्याला बिनसाखरेचा दे म्हटलं तर तो कुठून देणार? त्याची साखर पातेल्यातच पडलेली असते. आता घरून थर्मास नेतो. अमृततुल्यवाला अजून माझ्याकडे भाऊबंदकीतल्या भावासारखा बघतो.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, अंगात त्राण नाही. मी रात्री साडेनऊला फोन केला की हे माझं काम नाही. तुम्ही विचारलंत, «ताकात मीठ घातलं होतं का?» इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त सोडतात, त्यानं असं होतं म्हणालात. मोठं फुलपात्र भरून मीठ घातलेलं ताक प्यायलो आणि तासाभरात माणसात आलो. (रक्तदाबवाल्या जोशीणबाईंना मात्र तुम्ही हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू दिला नाहीत, तेही मी पाहिलंय.) पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होतो. «पाणी आहे ते. साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी असतं, ते गेलं. हुरळून जाऊ नका.» गेलाच तो आनंद.

घरातलं सांगतो. हिनं पहिल्याच दिवशी विचारलं, «मग मी कणीक कुणासाठी मळू?» तो राग कणकेचा नव्हता, हे कळायला मला महिना लागला. ज्या घरात वाढणं हीच माया, तिथे ताट पुढे सरकवून «नको» म्हणणं म्हणजे माणसालाच नको म्हणणं. तोड तुम्हीच काढलीत. तिलाच एका रविवारी घेऊन या म्हणालात आणि तिला फ्लॉवरचे दडपे शिकवलेत. फ्लॉवर जाड किसायचा, पंचात बांधून पिळायचा, खोबरं, कांदा, मिरची, मीठ, लिंबू घालून दडपून ठेवायचा, आणि वरून शेंगदाणे तळून फोडणी. पिळायचं विसरलं तर लगदा होतो; आमचा पहिल्यांदा झाला. आता ही त्यात दोन गोष्टी स्वतःच्या घालते आणि त्या तुम्हाला सांगायच्या नाहीत अशी मला ताकीद आहे.

आषाढीला मोठी परीक्षा. एकादशी अन् दुप्पट खाशी ही आमच्या घरची रीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, रताळं, वऱ्याचे तांदूळ. शुगरवाल्यानं उपास करायचा म्हणजे भातापेक्षा वाईट. आई म्हणाली, «आता उपासाला अंडं खाणार का?» दाण्याची आमटी, दाण्याचं कूट घातलेली काकडी, घट्ट दही आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा एवढ्यावर मी दिवस काढला. आईनं दुपारी चमचाभर खिचडी माझ्या वाटीत टाकलीच. खाल्ली. वहीत लिहिली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. रात्री नऊला प्रत्येकानं दिवसाचा हिशेब कळवायचा, हा आपला नियम. पहिले चार महिने मी तुम्हाला सर्रास खोटं सांगत होतो. दोन बाकरवड्यांची एक व्हायची, लग्नातला गुलाबजाम हिशेबातून गळायचा. उधारी लपवणारं गिऱ्हाईक मी रोज बघतो, त्यामुळे ती कला अंगात होती. मग गुढीपाडवा आला. त्या रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांत पहिला निरोप तुमचा होता: «दोन वाट्या श्रीखंड. पुऱ्या मोजल्या नाहीत. दोन तासांनी २४१. उद्या सकाळी नेहमीसारखंच.» बाकी काही नाही. ना सबब, ना हळहळ. पंधरा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग कंडक्टर काकांनी पुरणपोळ्या कबूल केल्या, जोशीणबाईंनी आम्रखंड, आणि मी त्या रात्री नोव्हेंबरपासूनची सगळी थकबाकी एकरकमी जमा केली. तुम्ही उत्तर दिलंत, «नोंद केली.»

त्यानंतर मी खोटं लिहिलेलं नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) तेव्हाच खाली यायला लागली. ती तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मोजतात आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे ही परीक्षा आदल्या रात्री जागून पास होता येत नाही, हे तुमचं वाक्य मी आता दुकानात येणाऱ्या मुलांच्या बापांना ऐकवतो. माझी ९.१ होती, या महिन्यात ६.४ आली. ग्लिमेपिराइड बंद झाली, मेटफॉर्मिन चालू आहे. वजन अकरा किलो कमी. वाईट कोलेस्टेरॉल मात्र थोडं चढलंय, डॉक्टरांनी तूप आवरायला सांगितलंय आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. हेही लिहितो, नाहीतर तुम्हीच विचाराल.

त्या लंडनच्या बॅन्टिंगची गोष्ट तुम्ही पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर दम खाताना सांगितली होतीत. अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यापारी, वजन ९२ किलोच्या घरात, स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना, गुडघे सांभाळायला जिना उलटा उतरायचा. कान ऐकेना म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि त्यानं पाव, साखर, बटाटे, बिअर बंद करायला लावली. वर्षभरात एकवीसेक किलो उतरलं. १८६३ साली त्यानं लोकांना उद्देशून एक पत्र छापलं आणि आधी फुकट वाटलं. जेवणाबरोबरची वाइन त्याला चालू होती हे ऐकून कंडक्टर काकांनी दोन पायऱ्या जोरात चढल्या होत्या. तेव्हाच मनात आलं, तोही दुकानदार, मीही दुकानदार. एक पत्र आपणही लिहावं.

तुमचा तो गोल डबा गेल्या महिन्यात तुम्ही दडपे भरून पाठवला होतात, तो अजून आमच्या फडताळात आहे. रविवारी आणतोय. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून हिनं सवयीनं त्यात मूठभर साखर घातली होती. झाकण लावता लावता तिलाच हसू फुटलं. साखर काढली, डबा पुसला आणि कारळ्याची चटणी भरली. तिखट जरा जास्त झालंय.

तुमचा,
वह्यावाला