लायनर, क्रूझ आणि तुझी केबिन

रत्नागिरी,
१० नोव्हेंबर

प्रिय दत्ताराम,

स. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. मुंबईहून क्रूझ करायचं वहिनींनी मनावर घेतलंय हे वाचून फार बरं वाटलं. पण 'ही कसली बोट, बिल्डिंगच पाण्यात सोडलीय' असं तू लिहिलंस, ते मला पटलं नाही. लायनरचं, म्हणजे ठरल्या मार्गावर नेमाने ये-जा करणाऱ्या बोटीचं माप क्रूझच्या बोटीला लावलंस तर ती नापास होणारच. कामंच दोघींची वेगळी.

लायनर टपालाला बांधलेली. तारीख ठरली की निघायचं, हवा कशीही असो. मुंबई ते एडन साधारण १,६५० सागरी मैल, सतरा नॉटने (ताशी सतरा सागरी मैलांनी) चार दिवस. जून-जुलैत सोकोत्रा बेटाकडे नैर्ऋत्येचा वारा सगळ्यात जोरात, आणि मुंबईहून गेलेली बोट तो नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डाव्या अंगावर घेतच जायची. म्हणून तिची नाळ लांब आणि निमुळती, बूड खोल, पुढचे पत्रे जाड. क्रूझची बोट त्या हवेत जातच नाही. मुंबईचा तिचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याआधी संपतो. वाटेत वादळाची बातमी आली तर कॅप्टन बंदर गाळतो, आणि तो हक्क कंपनीने तिकिटाच्या अटींत आधीच लिहून ठेवलेला असतो. तेव्हा एखादं बंदर चुकलं म्हणून कॅप्टनवर चिडू नकोस.

आकडे बघ, म्हणजे फरक कळेल. आज खऱ्या अर्थाने लायनर म्हणून चालणारी 'क्वीन मेरी २' एकटीच. लांबी ३४५ मीटर, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेली खोली) सुमारे १० मीटर, टनेज दीड लाखाच्या आसपास. २०२४ साली आलेली 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर, टनेज २,४८,६६३, आणि ड्राफ्ट मात्र सव्वानऊ मीटरच्या आसपास. म्हणजे आत जागा एक लाख टनांनी जास्त आणि पाण्यात बूड कमी. (नातवाला सांग, ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, ते आतल्या बंदिस्त जागेचं माप.) ही सगळी जागा वर चढवलेली असते, आणि वर चढवली की वारा धरते. बाजूचा पत्रा १२,००० चौरस मीटरचा धर. तीस नॉटचा वारा आडवा लागला तर साधारण पावणेदोनशे टनांचा रेटा बसतो. चाळीस नॉटला तोच तीनशे टनांच्या वर जातो, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे बंदराच्या तोंडाशी उभी राहून, वारा पडायची वाट बघणारी क्रूझ बोट दिसली तर कॅप्टन भित्रा आहे असं समजू नये. थ्रस्टर (बोटीला आडवं ढकलणारे पंखे) आणि टग (ओढणाऱ्या छोट्या बोटी) मिळून केवढा रेटा सावरतील याचा हिशेब त्याने केलेला असतो.

वेगाचंही तसंच. लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. अठरा नॉटवरून अठ्ठावीसवर जायचं तर पावणेचार पट ताकद लागते. अटलांटिकवर 'क्वीन मेरी' १,६०,००० अश्वशक्तीने साडेअठ्ठावीस नॉट पळायची ती हौसेखातर नव्हे. आठवड्याची टपालसेवा दोनच बोटींवर भागवायची होती, एक जाताना दुसरी येताना. क्रूझला रात्रभरात पुढचं बंदर गाठलं की झालं. तिथे तेल जाळून कमवायचं काय? जेट विमानं आली, १९६७ साली सुएझ बंद झाला, १९७० मध्ये 'चुसान'च्या फेरीबरोबर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची भारताची प्रवासी सेवा संपली. त्या दिवसापासून घाईच्या माणसाला बोटीची गरज उरली नाही. ज्याला घाई नाही त्याच्यासाठीच आता बोट बांधतात.

आता वहिनींचा प्रश्न, बोट लागेल का. स्टॅबिलायझर (हेलकावे अडवणारे पाण्याखालचे पंख, म्हणजे फिन) आहेत ना, असं एजंट सांगेल. आहेत, आणि चांगले आहेत. मोठ्या प्रवासी बोटीवर ते पहिल्यांदा बसले तेही १९५० च्या याच 'चुसान'वर. पण फिनचा जोर पाणी तिच्यावरून धावण्यावर आहे, आणि तोही वेगाच्या वर्गात. वीस नॉटला जेवढा जोर, त्याचा दहा नॉटला चौथा हिस्सा. थांबलेल्या बोटीला साध्या फिनचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय फिन रोलिंग (डावीउजवीकडे हेलकावणं) अडवते, पिचिंग (पुढचं-मागचं टोक वरखाली होणं) नाही.

रोलिंगचा काळही बघ. आपला जुना हिशेब आठवतो ना, बोटीची रुंदी गुणिले ०.८, भागिले जीएमचं वर्गमूळ. (जीएम म्हणजे कललेली बोट किती जोराने सरळ होते त्याचं माप.) बत्तीस मीटर रुंदीच्या बोटीचा जीएम एक मीटर असेल तर एक पूर्ण हेलकावा पंचवीस सेकंदांचा, सावकाश, पाळण्यासारखा. जीएम अडीच मीटर केला की तोच सोळा सेकंदांवर येतो. बोट जास्त सुरक्षित, पण झटका जास्त. पोटातलं ढवळतं ते या झटक्याने.

म्हणून केबिन कुठे घ्यायची याला महत्त्व आहे. वरची बाल्कनीची केबिन महाग, म्हणून चांगली असं समजू नकोस. बोट पाच अंश कलली तर पाण्यापासून तीस मीटर उंचीवरची केबिन एका बाजूला अडीच मीटरांहून जास्त सरकते. पाच मीटर उंचीवरची सरकते जेमतेम ४५ सेंटीमीटर. तेव्हा खालचा डेक, मधोमध, किंचित मागच्या बाजूला. पुढे घेतलीस तर पहाटे बंदरात शिरताना थ्रस्टरची घरघर आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट उशाशी. अगदी मागे घेतलीस तर बोट ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर. स्विमिंग पूलच्या डेकखाली घेऊ नकोस, पहाटे खुर्च्या ओढतात. भटारखान्याखालीही नको, ट्रॉल्या रात्रभर फिरतात. डेकप्लॅन माग, आणि केबिनच्या वर-खाली काय आहे ते बोट ठेवून बघ. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घ्यायची. हलायला लागल्यावर घेऊन तेवढा उपयोग होत नाही.

जुन्या बोटींना एसी नव्हता तेव्हा केबिनची बाजूही बघावी लागे. तांबडा समुद्र वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेला, त्यामुळे विलायतेहून इकडे येताना पोर्टची (डावी) बाजू पूर्वेला पडायची आणि दुपारचं ऊन स्टारबोर्डला (उजवीला) तापवायचं. त्यावरून 'पॉश' शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'च्या आद्याक्षरांचा अशी गोष्ट सांगतात, पण तसा शिक्का मारलेलं तिकीट कोणी आजवर दाखवलेलं नाही. उन्हाची बाब मात्र खरी. आता एसीमुळे ती चिंता मिटली.

एक गोष्ट मला लायनरचीच जास्त आवडते, ती म्हणजे जेवणाचं टेबल. कडेला फिडल, म्हणजे दोन-तीन बोटं उंच लाकडी पट्टी. हवा बिघडली की ती उभी करायची, वर टेबलक्लॉथ पाण्याने ओलं करायचं म्हणजे बशी सरकत नाही. खुर्ची साखळीने डेकला बांधलेली. क्रूझवर यातलं काही नसतं. सुट्या खुर्च्या, काचेची फुलदाणी. बोट अचानक कलली तर पहिली इजा तिथेच होते. तेव्हा हलत असेल तर वहिनींना कठडा धरून चालू दे, आणि चहा अर्धाच कप घे.

पहिल्या दिवशीचा मस्टर, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची ड्रिल, चुकवू नकोस. 'हे सगळं मला माहीत आहे' म्हणून तू केबिनमध्ये बसशील, म्हणून मुद्दाम लिहितोय. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ बोट १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाशी खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती, कारण तेव्हा नियमात २४ तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. आपला मस्टर स्टेशन कुठला, तिथे केबिनपासून जिन्याने किती मिनिटं लागतात, हे वहिनींना एकदा चालून दाखव. आगीत लिफ्ट चालत नाही. आणि जेवणाआधी हात साबणानेच धुवा. नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.

तिथली मुलं भेटतील त्यांच्याशी बोल. सारंग, तांडेल, सुकाणी, कसब, भंडारी हे खलाशांच्या हुद्द्यांचे जुने शब्द त्यांना बहुधा ओळखीचे नसतील, पण सलूनमध्ये (जेवणखाण्याच्या कामात) गोव्याची आणि डेकवर आपल्या कोकणातली पोरं अजून सापडतात. धोबीतलावच्या कुडात (गोव्याच्या खलाशांच्या वसतिगृहात) गावाच्या नावावर खाट धरून बोटीवरच्या कामाच्या कॉलची वाट बघायची ती पद्धत आता त्यांच्या वाट्याला नाही. २४ तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, हे आता कायद्यात आहे. ती कागदावरच राहते की खरंच मिळते, तेवढं त्यांना विचार आणि मला कळव.

केबिन ठरली की नंबर लिही. मी डेकप्लॅन मिळवून बघतो. वहिनींच्या गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची हवी, पण लिफ्टच्या अगदी दारासमोरची नको, तिथे रात्रभर घंटी वाजत राहते.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
वसंत