‘म्हणायचे, पण दिलं कुठं?’

संपादक महोदय,
स. न.

मृत्युपत्राविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख कामाचा होता. पण ‘सगळी मिळकत पत्नीच्या नावे लिहून मोकळे व्हा’ हा त्यातला सल्ला मुस्लिम वाचकाने जसाच्या तसा उचलला तर तो फसेल. मी सांगलीत सीए आहे. विवरणपत्रं भरायला माझ्याकडे येणाऱ्या मुस्लिम डॉक्टर-इंजिनिअरांपैकी काहींनी इंटरनेटवरचा नमुना उतरवून नेमकं हेच लिहून ठेवलंय. आम्हा हनफी सुन्नींमध्ये एका वारसाला केलेली वसीयत, म्हणजे मृत्युपत्राने दिलेलं, बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच चालते. वारस नसलेल्याला द्यायचं तर जास्तीत जास्त एक-तृतीयांश, तेही मय्यतीचा खर्च, कर्ज आणि बायकोची राहिलेली मेहर (लग्नात तिला कबूल केलेली रक्कम) भागवून उरेल त्यातलं.

उरलेले अशील म्हणतात, ‘मॅडम, शरियतनं हिस्से ठरवून दिलेत, लिहायचं काय त्यात?’ माझे अब्बाही हेच म्हणायचे. मीही मान डोलवायचे. लोकांच्या फायली तपासण्यात वीस वर्षं गेली, स्वतःच्या बापाला कधी विचारलं नाही.

माझा मोठा भाऊ अब्बांच्या आधी गेला, एकेचाळिसाव्या वर्षी, दोन लहान मुलगे मागे ठेवून. त्याच्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये शरियतप्रमाणे भाभीचा एक-अष्टमांश, अम्मीचा एक-षष्ठांश, अब्बांचा एक-षष्ठांश आणि बाकी मुलांचं. नॉमिनी भाभी होती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. अब्बांनी कधी हिस्सा मागितला नाही. सोडल्याचं लिहूनही दिलं नाही.

तीन वर्षांनी अब्बा गेले. मिरजेचं घर, खाली चार खोल्या, माळ्यावर दोन. वारस अम्मी, धाकटा भाऊ आणि मी. चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, भावाचे चौदा, माझे सात. मोठ्या भावाच्या पोरांचे शून्य, कारण मुलगा हयात असताना आधी वारलेल्या मुलाची मुलं आजोबांची वारस होत नाहीत. वर त्यांच्या बापाच्या फ्लॅटमधला अब्बांचा तो सहावा हिस्साही आमच्या तिघांत आला. पोरांच्या घरातलं आमच्याकडे आलं आणि आमच्याकडचं त्यांना काहीच गेलं नाही! हा हिशेब मी स्वतः कागदावर मांडला तेव्हा पेन खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून होते.

आणि वसीयतीतला एक-तृतीयांश नेमका अशाच पोरांसाठी वापरता येतो. नातू वारस नव्हते, म्हणून अब्बा कुणाचीही संमती न घेता त्यांच्या नावे लिहू शकले असते. घरात आम्ही दखनी बोलतो. ओट्यावर बसून अब्बा दर ईदला म्हणायचे, ‘ऊपर का माला बच्चों का.’ मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते, पण ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात. ऐकणारे शेजारी वारले, अम्मीला नक्की शब्द आठवत नाहीत. धाकटा भाऊ म्हणाला, ‘म्हणायचे, पण दिलं कुठं?’ त्याला वाईट म्हणवत नाही, कायद्याने तो बरोबर आहे.

माझे सात भाग मी पोरांना हिबा, म्हणजे हयातीतच दान, करणार आहे. पण हिबाला ताबा द्यावा लागतो, आणि न वाटलेल्या घरातल्या हिश्श्याचा ताबा द्यायचा कसा? म्हणून आधी वाटणी. ती अडली आहे.

मुली असलेल्यांची अडचण वेगळी. दोनच मुली आणि बायको मागे असतील, आईवडील नसतील, तर सख्ख्या भावाला चोविसातले पाच भाग जातात. केरळचे वकील सी. शुक्कूर यांनी २०२३ साली ८ मार्चला स्वतःच्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं ते यासाठीच, म्हणजे त्यांच्या वारशाला शरियतचे हिस्से लागू होऊ नयेत म्हणून. त्यांना तीन मुली. प्रत्येकाला हा मार्ग पटेल असं नाही, मलाही पटलेला नाही. पण त्यांनी निदान हयातीत काहीतरी केलं.

‘ज्याच्यापाशी वसीयत करण्यासारखं काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत’ अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आमच्याकडे लहानपणीच पाठ होते. साधा कागदही चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी दोन साक्षीदार घ्यावेत आणि जमल्यास नोंदणी करावी, मागे भांडण कमी होतं.

पुढच्या वेळी आपल्या तज्ज्ञांनी चौकटीत एवढं तरी छापावं: मुस्लिम वाचकांसाठी नियम वेगळे आहेत. आणि माझं नाव कृपया देऊ नये. वाटणीची बोलणी अजून चालू आहेत, आणि धाकटा भाऊ आपलंच वर्तमानपत्र वाचतो.

– एक सीए, सांगली