गुलाबाची पाने वाचवल्याबद्दल आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आमच्या गुलाबांसाठी आपण वेळ काढलात, काळ्या ठिपक्यांचा रोग ओळखून दिलात आणि तो का होतो हे इतके नीट समजावून सांगितलेत की पुढे काय करायचे ते प्रत्येक वेळी विचारण्याची गरजच उरली नाही. त्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. हे पत्र खुले लिहीत आहे, कारण आपण सांगितलेल्या गोष्टी गुलाब लावणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाच्या आहेत आणि त्या माझ्यापुरत्याच राहू नयेत असे मला मनापासून वाटते.

झुडपाच्या शेंड्याला कळ्या येत होत्या, पण खालची पाने पिवळी पडून गळत होती आणि फांद्या बुंध्याकडून उघड्या पडत चालल्या होत्या. कोणते औषध मारावे, असे विचारल्यावर आपण औषधाचे नाव न घेता आधी पान मागितलेत आणि ते भिंगाखाली धरून मला पाहायला लावलेत. काळ्या ठिपक्याची कड गुळगुळीत नव्हती. ती झालरीसारखी विस्कटलेली होती, कारण बुरशीचे धागे पानाच्या वरच्या पातळ आवरणाखालून चारी बाजूंना पसरत होते. ठिपक्यात सुईच्या टोकाएवढे काळे उंचवटे दिसत होते. बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, तयार होतात ते तिथेच, हे आपण दाखवलेत. ठिपक्याचा मधला भाग राखाडी आणि कड जांभळट असेल तर तो सर्कोस्पोरा या दुसऱ्या बुरशीचा असण्याची शक्यता अधिक. पांढरी पिठासारखी बुरशी असेल तर ती भुरी. आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील तर प्रश्न बहुधा लोहाच्या कमतरतेचा असतो, रोगाचा नव्हे. औषध निवडण्याआधी एवढी पारख करणे किती आवश्यक आहे, हे त्या एका पानाने मला शिकवले.

आमच्या झाडांवर काळे ठिपके पाडणाऱ्या डिप्लोकार्पन रोझी या बुरशीबद्दल आपण जे सांगितलेत, त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला पाण्याविषयीची वाटते. बीजाणू पानात शिरायचा तर पान सलग सात तास तरी ओले राहावे लागते. ऊबदार, दमट हवेत चार-पाच दिवसांत ठिपका दिसू लागतो आणि साधारण दहा दिवसांत त्याच ठिपक्यातून नवे बीजाणू बाहेर पडायला लागतात. ते प्रामुख्याने पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर, तसेच ओल्या झाडाला लागलेल्या हातांतून आणि अवजारांतून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात, आणि म्हणूनच रोग बहुतेक वेळा जमिनीलगतच्या पानांपासून वर चढतो. हे एकदा कळल्यावर पाणी केव्हा आणि कुठे द्यायचे याचे उत्तर आपोआप मिळते. संध्याकाळी झाडावरून घातलेले पाणी पानांवर रात्रभर राहते. सकाळी बुंध्याशी दिलेले पाणी मुळांना मिळते आणि पाने कोरडीच राहतात. झुडपाच्या मधल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या त्याही याचसाठी, की हवा खेळती राहून पावसानंतर पाने लवकर सुकावीत. भुरीला मात्र पानावर पाणी साचलेले लागत नाही, कोरड्या पानावरही ती फोफावते, म्हणून एका बुरशीचा नियम दुसरीला सरसकट लावू नये, ही आपली सूचना मी विशेष लक्षात ठेवली आहे.

बुरशीनाशकाबद्दल आपण जे स्पष्टपणे सांगितलेत, ते ऐकून माझी अपेक्षाच बदलली. ठिपके पडलेले पान कोणत्याही फवारणीने पुन्हा हिरवे होत नाही. फवारणी करायची ती अजून निरोगी असलेल्या आणि नव्याने फुटणाऱ्या पानांसाठी. मॅन्कोझेब किंवा गंधक यांसारखी स्पर्शजन्य औषधे जिथे पोहोचतात तेवढाच भाग राखतात, त्यामुळे पानांच्या दोन्ही बाजू भिजायला हव्यात, आणि जोराच्या पावसाने औषध धुऊन गेले किंवा नवी पालवी फुटली की लेबलवर दिलेल्या अंतराने, बहुधा सात ते चौदा दिवसांनी, फवारणी पुन्हा करावी लागते. टेब्युकोनॅझोलसारखे आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरते, पण तेच औषध पुन्हा पुन्हा वापरले तर त्याला दाद न देणारी बुरशी वाढीस लागते, म्हणून निराळ्या गटातील औषधाशी आलटून पालटून ते वापरायचे. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, आणि तेलयुक्त फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे गंधक टाळायचे, हेही आपण न विसरता सांगितलेत. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, हा आपला आग्रह मी तंतोतंत पाळते.

तरीही औषधापेक्षा आपला भर होता तो साफसफाईवर, आणि माझ्या मते आमची झाडे खऱ्या अर्थाने सावरली ती त्यामुळेच. बुरशी प्रतिकूल काळ काढते ती गळलेल्या पानांवर आणि फांद्यांवरच्या डागांमध्ये. पाने वेचणे बहुतेकांना सुचते, फांद्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपण कोवळ्या फांदीवरचा जांभळट-लाल, किंचित खरबरीत चट्टा बोटाने दाखवलात, तो मी तोपर्यंत सालीचाच रंग समजत होते. अशा फांद्या डागाच्या बऱ्याच खाली, निरोगी भागात, डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, थोडे वर छाटायच्या, कात्री अधूनमधून स्पिरिटने पुसायची, आणि वेचलेली पाने व छाटलेल्या काड्या खताच्या खड्ड्यात न टाकता बागेबाहेर घालवायच्या, कारण घरगुती खताच्या ढिगात पुरेशी उष्णता तयार होईलच याची खात्री नसते. त्यानंतर बुंध्याभोवती दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन पसरले, की मातीवर राहिलेल्या पानांच्या तुकड्यांवरून पावसाचे शिंतोडे वर उडत नाहीत. फक्त ते आच्छादन खोडाला टेकू द्यायचे नाही.

आता नव्याने फुटलेली पाने बऱ्याच अंशी स्वच्छ आहेत आणि झुडूप पुन्हा बुंध्यापासून भरत आले आहे. एखादे ठिपक्याचे पान अजूनही सापडते. ते मी कोरड्या हवेत, पानांवर दव नसताना खुडते.

नवी रोपे घेताना रोगप्रतिकारक जाती निवडाव्यात, असे आपण सुचवले होते आणि त्याच वेळी सावधही केले होते, की या बुरशीचे अनेक प्रकार असल्यामुळे एका ठिकाणी टिकलेली जात दुसरीकडे बळी पडू शकते. त्यानुसार जवळपासच्या बागांमध्ये फवारणीशिवाय कोणत्या जातींची खालची पाने टिकून आहेत याची मी नोंद करत आहे. यादी तयार झाली की आपल्याकडे पाठवते. त्यातली कोणती रोपे घ्यावीत हे आपण पाहून सांगितलेत तर फार उपकार होतील.

आपली नम्र,
एक गुलाबप्रेमी